आमची गुळवेल नर निघाली

2011 च्या मे महिन्यात सासूबाई माहेराहून परतल्या तेव्हा पिशवीतून बाजरीचं पीठ निघालं, हुलगे निघाले, मटकी निघाली आणि सगळ्यांत खाली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार दांडके निघाले. अंगठ्याएवढे जाड, वीतभर लांब, साल कागदासारखी सुटत आलेली. मी ते सरपण समजून बाजूला टाकणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातून काढून घेतले, सुतळीने जुडी बांधली आणि मागच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

"मिरग लागला की लावू. लिंबाच्या बुडाशी."

मृग लागला आणि निघूनही गेला. थोरलीच्या कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ चालली होती, जुडी खिळ्यालाच राहिली. जुलैत एकदा कपडे वाळत घालताना लक्ष गेलं. दोन महिने ना माती, ना पाणी, नुसती भिंतीची झळ खात लटकलेल्या त्या दांडक्यांपैकी दोघांना कोंब फुटले होते. उरलेल्या दोघांची साल मी नखाने खरवडून पाहिली. आत कोवळ्या दोडक्यासारखा हिरवा रंग. मी तशीच खुरपं घेऊन लिंबाखाली बसले.

ते दांडके गुळवेलीचे होते. या औषधी वेलीला संस्कृतात पुष्कळ नावं आहेत. गुडूची आणि अमृता ही सगळ्यांना माहीत असतात. भावप्रकाश या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या यादीत आणखी काही आहेत आणि ती मला फार मोलाची वाटतात. छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी वाढणारी. वत्सादनी, म्हणजे वासरं खातात ती. हे नाव सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग? आमच्या कालवडी बांधावरची येल वरबाडून खायच्या की." चक्रलक्षणिका हे तिसरं. जून दांडका आडवा कापला की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, अगदी हुबेहूब. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी वेल कापून पाहिली होती, टांगून पाहिली होती, वासरांच्या मागे रानात उभं राहून पाहिली होती. मला त्या अनाम माणसांविषयी मनापासून आदर वाटतो.

आमचं घर सांगलीत, गावभागाच्या नदीकडच्या अंगाला. मागे दोन गुंठ्यांचं परसू आणि त्यात सासऱ्यांनी लावलेला कडुलिंब. माती काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यात चपला ओढून घेणारी. गुळवेलीला पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून बुडाशी विटांचे तुकडे घालून उंचवटा केला. त्यापलीकडे मी तिच्यासाठी काहीही केलं नाही. खत नाही, फवारा नाही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. पहिली दोन वर्षं ती लिंबाच्या खोडाभोवती शहाण्या मुलीसारखी राहिली. तिसऱ्या पावसाळ्यात शेंड्याला पोचली आणि चौथ्या वर्षी वरून खाली यायला लागली.

खाली येतात ती तिची हवेतली मुळं. सुरुवातीला दोऱ्यासारखी बारीक, मग सुतळीएवढी. दहा-बारा फुटांवरून सरळ खाली लोंबत येतात, वाऱ्याला हलतात आणि जमिनीला टेकली की चार दिवसांत ताठ होतात. त्यानंतर ओढून पाहा, येत नाहीत. सकाळी झाडायला गेलं की तोंडाला जाळी लागावी तशी ती लागायची. मी त्यांना हाताने बाजूला सारायची, तोडायची नाही.

पानं पिंपळाच्या घाटाची, हृदयाच्या आकाराची, पण मऊ आणि गुळगुळीत. थंडीत ती पिवळी पडून गळतात आणि उन्हाळाभर वेल नुसत्या दोरखंडासारखी दिसते. नवीन माणसाला ती मेलीशी वाटते. वळवाचा एक पाऊस झाला की आठवड्यात पुन्हा हिरवी.

अशाच एका वळवाने मला धडा दिला. रात्री वादळ झालं आणि सकाळी पाहिलं तर लिंबाची पूर्वेकडची मोठी फांदी वेलीच्या ओझ्याने फाटून कुंपणावर आडवी. जवळ जाऊन वर पाहिलं तेव्हा कळलं की त्या बाजूला लिंबाची स्वतःची पानं जवळजवळ उरलीच नव्हती. पावसाळाभर सगळं ऊन गुळवेल खात होती आणि मी खालून पाहत म्हणत होते, किती हिरवंगार झालंय. वेल झाडाला बिलगते, झाड वेलीला आधार देतं, हे आपण कवितेत फार गोड करून ठेवलंय. आधार देणाऱ्याला किती भार होतो ते त्या फाटलेल्या फांदीपाशी दिसतं. तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात, पानं नसताना, मी शिडी लावून तिला कापते. लिंबाचा शेंडा आणि दोन मोठ्या फांद्या मोकळ्या ठेवते, विजेच्या तारेकडे निघालेली टोकं छाटते. ज्याला अशी जोरकस वेल परसात हवी आहे त्याने पाणी घालायचं विसरलं तरी चालेल, कापायचं विसरू नये.

कापलेल्याचं काय करायचं हा प्रश्न सासूबाईंना कधीच पडला नाही. अंगठ्याएवढे जाड तुकडे निवडून त्या सत्त्व काढायच्या. वरची कागदी साल बोटाने सोलायची, पाट्यावर तुकडे ठेचायचे, पितळी पातेल्यात पाण्यात रात्रभर भिजत घालायचे. सकाळी कुस्करून, पिळून, धुवट फडक्यातून गाळायचं. गढूळ हिरवट पाणी तसंच स्थिर ठेवायचं, हलवायचं नाही, घरात कुणी धावायचं नाही. दुपारपर्यंत तळाला पांढरा थर बसतो. वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, पुन्हा स्वच्छ पाणी घालायचं, पुन्हा थांबायचं. शेवटी ताटलीत वाळलेला तो पांढरा भुगा पाहिला की जीव हळहळायचा. परातभर तुकड्यांतून वाटीचा तळ झाकेल एवढं सत्त्व. दांडका इतका कडू की जिभेवर ठेवला तर तासभर चहाची चव लागणार नाही, आणि सत्त्व मात्र जवळजवळ बेचव. बाजारात गुळवेल सत्त्व म्हणून मिळणाऱ्या पुड्या स्वस्त कशा असू शकतात, हा प्रश्न ज्याने एकदा घरी सत्त्व काढलंय त्याला पडतोच.

2019 चा ऑगस्ट सांगलीत कुणाला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर आलं की इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. 2005 मध्ये ते 53 फुटांच्या वर गेलं होतं. त्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती आणि आम्ही त्या खुणेवर विश्वास ठेवला. धान्य, कागदपत्रं, शिवणयंत्र, सगळं खुणेच्या हातभर वर ठेवून निघालो. या वेळी पाणी 57 फुटांवर गेलं. पै-पाहुण्यांकडे मिरजेला बसून आम्ही मोबाइलवर आपल्याच गल्लीतल्या होड्या पाहत होतो. सासूबाई एकदाच बोलल्या, "लिंब हाय का बगा त्यात."

लिंब होता. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा परसात गुडघाभर गाळ, आणि वेलीच्या बुडाशी कुणाकुणाच्या घरातलं काय काय अडकलेलं. गाद्यांचा कापूस, प्लास्टिक, एक पाळण्याचा कठडा. सफाईला मदत करायला आलेल्या पोरांना ते निघेना, म्हणून त्यांनी विळ्याने वेलीचे खालचे सगळे सोट तोडून टाकले. त्यांचं चुकलं नाही, त्या दिवशी वेल कुणाच्या डोक्यात होती? कुजका वास महिनाभर नाकातून गेला नाही. घर धुण्यात आम्ही सगळेच इतके गुंतलो की परसाकडे पाहिलंही नाही.

सप्टेंबर संपता संपता लक्षात आलं की जमिनीशी काहीही संबंध न उरलेली वेल वरती तशीच हिरवी आहे. तुटक्या टोकाच्या खूप वरून, शेणी रचायच्या कट्ट्यावर, एक दोरा खाली येत होता. मग दुसरा. दिवाळीच्या फराळाचं चालू असताना त्यातला एक जमिनीपासून वीतभर वर होता. मी त्या जागचा गाळ खुरप्याने उकरून भुसभुशीत केला. पाडव्यानंतर तो टेकला. आज आमच्या वेलीचा जो मुख्य सोट आहे, मनगटाएवढा, तो म्हणजे तो दोरा. मूळ जागेपासून तीन फूट डावीकडे सरकून ती पुन्हा उभी राहिली.

लगेच पुढच्या वर्षी कोरोना आला आणि गुळवेलीला सोन्याचे दिवस आले. ज्या शेजाऱ्यांनी दहा वर्षांत तिचं नाव विचारलं नव्हतं ते फाटकाशी मास्क लावून उभे. मी कुणाला नाही म्हटलं नाही, प्रत्येकाला दोन तुकडे दिले. एक उकळायला आणि एक लावायला. पण लोक मूठ मूठ उकळून दिवसातून तीनदा पीत आहेत हे कळलं तेव्हा भीती वाटायला लागली. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं एका वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की कोणती हे तपासलंच नाही, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीही असतात. मी वैद्य नाही, या वादात मला निवाडा करायचा नाही. एवढंच सांगते की ओळखल्याशिवाय कुठलीही वेल तोंडात घालू नये, आणि ज्याला यकृताचं दुखणं आहे किंवा ज्याची रोजची औषधं चालू आहेत त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. टिनोस्पोरा क्रिस्पा ही बहीण गुळवेलीसारखीच दिसते, पण तिच्या दांडक्यावर ठळक गाठी असतात. आपल्या गुळवेलीवर बारीक उंचवट्याचे ठिपके असतात, गाठी नसतात. आणखी एका बहिणीच्या पानाला खालून लव असते. आपलं पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.

हे ओळखीचं सगळं मला एका वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिकेने शिकवलं. त्याही तुकडा न्यायलाच आल्या होत्या. मार्च महिना, वेलीला पानं नव्हती, हिरवट पिवळी मोहरीएवढी फुलं लागलेली. त्यांनी पर्समधून भिंग काढलं, एक तुरा तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, "ही नर आहे हो."

मला आधी समजलंच नाही. गुळवेलीत नरफुलं एका वेलीवर आणि मादीफुलं दुसऱ्या वेलीवर येतात. नरफुलं झुपक्याने येतात आणि प्रत्येकात सहा पुंकेसर असतात. मादीची फुलं बहुधा एकेकटी, मध्ये तीन हिरवे अंडाशय. म्हणून मादीवर एका देठाला एक, दोन, कधी तीन फळं धरतात. आमच्या वेलीवर भिंगातून पाहिलं ते सगळे झुपके होते. दहा वर्षं मी तिला 'ती' म्हणत होते. मराठीत तसं दोन्ही चालतं, तो वेल आणि ती वेल, आणि भाषेला हे कसं सुचलं असेल याचा त्या दिवशी मी खूप वेळ विचार केला.

सासूबाईंना सांगितलं तर त्या मानायलाच तयार नव्हत्या. "फळ येतंय की. लाल मणी. आमी भावलीच्या गळ्यात माळ घालायचो त्येची." आता कळलं, त्या दहा वर्षं त्या मण्यांची वाट पाहत होत्या. दर दिवाळीला परसात जाऊन वर बघायच्या आणि मला वाटायचं, लिंब बघतायत. माहेरच्या बांधावर नर आणि मादी दोन्ही असणार. त्यांनी चार तुकडे तोडले ते एकाच वेलीचे, आणि ती नर. मी गल्लीत वाटलेले सगळे तुकडेही त्याच वेलीचे. म्हणजे आमच्या गल्लीत, पलीकडच्या वाड्यात, विश्रामबागेत गेलेल्या मैत्रिणीच्या गच्चीवर, सगळीकडे एकच वेल वाढतेय आणि कुणाच्याच दारात कधी लाल मणी लागणार नाही.

त्यानंतर मी जिथे जाईन तिथे माना वर करून पाहायला लागले. सागरेश्वरच्या, माणसांनी झाडं लावून उभ्या केलेल्या अभयारण्यात पहिल्यांदा मादी वेल पाहिली. चितळांच्या वाटेवर, एका वाळक्या झाडावर, लाल मण्यांनी लगडलेली, आणि दोन बुलबुल त्यात आडवे-उभे होत खात होते. तिथून काडी मोडून आणायची नाही, हे ते रान कुणाच्या कष्टाने उभं राहिलंय हे माहीत असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. हात मागे बांधून पाहिलं आणि आले.

2022 च्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत चालत्या-फिरत्या होत्या. दिवाळीनंतर आम्ही त्यांच्या माहेरी, आटपाडीकडे गेलो. माणदेशातलं कोरडं रान, पण आता ठिबकवर डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. ह्यांच्या मामेभावाची तीन एकर आहे. आम्ही पोचलो तेव्हा भाऊजी बांधावर होते, घामाघूम, आणि बांधावरच्या बाभळीवरून काहीतरी ओढून काढत होते. खाली ढीग पडलेला. ढिगात लाल मणी.

"वहिनी, ह्या येलीनं माझी निम्मी बाग खाल्ली बगा," ते म्हणाले.

रस शोषणारा पतंग डाळिंबावर रात्री येतो. त्याची सोंड इतकी टणक असते की ती पिकत आलेल्या फळाची साल भोसकून आत जाते. सकाळी टाचणीएवढं भोक दिसतं, चार दिवसांत तिथून फळ सडतं आणि खाली पडतं. शेतकरी संध्याकाळी बागेत धूर करतात, दिवे लावतात, फळांना कागदाच्या पिशव्या घालतात. पण या पतंगाची अळी डाळिंबावर वाढत नाही. ती वाढते गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. म्हणून बांधावरच्या या वेली काढून टाका, असा सल्ला कृषी खात्याचे लोक देतात.

भाऊजी सांगत होते आणि माझ्या पोटात काहीतरी हलत होतं. कारण ती अळी मला ओळखीची होती. माझ्या वेलीवर ती दर पावसाळ्यात येते. मखमली काळपट तपकिरी, अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे गोल ठिपके. फांदी हलली की डोकं आत वळवून अशी कमान करते की दोन मोठे डोळे आपल्याकडे रोखून पाहतायत असं वाटावं. मी तिला कधी मारलं नाही. एकदा बरणीत ठेवून तिचा पतंग होताना पाहिला होता. मिटलेले पंख वाळक्या पानासारखे, आणि उघडले की मागचे पंख केशरी, त्यावर काळा डाग. मुलींना हाका मारून दाखवला होता, आणि मग खिडकी उघडून सोडून दिला होता.

भाऊजींशी मी वाद घातला नाही. त्यांच्या मुलीची फी त्या बागेतून जाते. मी तिथे राहत असते तर मीही ती वेल ओढून काढली असती, रडत काढली असती पण काढली असती. त्यांना फक्त विचारलं, "यातला एक दांडका नेऊ का? सांगलीला आमच्या आसपास बाग नाही."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "आत्याची हाय न्हवं ही," म्हणाले. विळ्याने त्यांनीच निवडून दोन जाड तुकडे कापले, फळं लागलेल्या फांदीचेच, म्हणजे चूक व्हायला नको. वर्तमानपत्रात मीच गुंडाळले.

नोव्हेंबर ते जून ते तुकडे त्याच खिळ्याला टांगून राहिले, सात महिने. त्यातला एक वाळला. दुसऱ्याची साल सुरकुतली, पण खरवडल्यावर हिरवी होती. लिंबावर दुसरी वेल चढवायची नाही हे मी त्या फाटलेल्या फांदीपाशीच ठरवलं होतं, म्हणून ह्यांनी परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जुन्या लोखंडी पाइपचा मांडव करून दिला. तो माझ्या हाताला येईल एवढाच उंच आहे, म्हणजे शिडी लागणार नाही आणि अळ्या किती झाल्या तेही रोज दिसेल. आता मी त्या मोजते. चार-पाच राहू देते. जास्त झाल्या तर पानासकट काढून टाकते, आणि ते करताना दर वेळी हात अडखळतो.

गेल्या मार्चमध्ये मांडवावरच्या वेलीला पहिल्यांदा फुलं आली. मी भिंग विकत आणलं होतं. फुलं झुपक्याने नव्हती, सुटी सुटी, अंतर ठेवून. मधोमध तीन हिरवे ठिपके. पलीकडे लिंबावर नराचा मोहर, दोघांत वीस पावलांचं अंतर, आणि इवल्या माश्यांची दिवसभर ये-जा. एप्रिल संपता संपता देठांवर हिरवे मणी दिसायला लागले. काल सकाळी एका तुऱ्यावर मोजले, अकरा होते. बुलबुलांनी मांडव पाहून ठेवलाय.

समोरच्या वाड्यातल्या नव्या सूनबाई परवा गुळवेलीचा तुकडा मागायला आल्या. मी त्यांच्यासाठी दोन कापलेत. नराच्या तुकड्याला पांढरा दोरा बांधलाय आणि मादीच्या तुकड्याला लाल, आणि दोन्ही वेगवेगळ्या आधारांवर चढवायला सांगितलंय. जुडी मागच्या दाराजवळच्या खिळ्याला आहे. मृग लागला की त्या न्यायला येणार आहेत.